गुंतवळ

भांग रुंद होतोय हे आरशानं कधी सांगितलं नाही.
सांगितलं शिरोलीच्या फाउंड्रीत, ऑफिसच्या छताला
नव्यानं लावलेल्या कॅमेऱ्यानं.
पेटी कॅश कुणी उचलली म्हणून सगळे स्क्रीनभोवती जमलेले,
आणि वरून दिसली एक बाई,
बिलं लावत बसलेली,
टाळूवर चुन्यानं मारल्यासारखी फिकट पट्टी.
ही कोण, म्हणून विचारणारच होते.

आई मोरीच्या जाळीवरचे केस उचलते,
बोटाभोवती गुंडाळते, खिडकीच्या गजात खोचते.
दाराआड पिशवी आहे, त्यात महिन्याचे महिने.
"लई निघतात गं तुझे," म्हणते,
आणि पिशवी दाबून बघते,
भांड्याच्या हिशेबानं.

डॉक्टर इंगवलेबाईंनी कागदावर दोन गोल काढले,
कडेकडेनं ठिपके दिले.
सोनोग्राफीत म्हणे मोत्यांच्या माळेसारखं दिसतं.
गुजरीत कुणी दारात उभं करणार नाही असली माळ.
"गोळी देते. पण गोळी एकटी काय करेल?
चाल. वजनं उचल. रात्रीची झोप चोरू नको.
गोड आणि मैदा कमी."
"आणि केस?"
"केस सगळ्यात शेवटी ऐकतात," त्या म्हणाल्या,
"आणि सगळेच ऐकतील असंही नाही."

आत्यानं कांद्याचा रस पाठवला.
वहिनीनं जास्वंद.
गडहिंग्लजच्या स्थळापुढं बसताना
मावशीनं गजरा थेट भांगावर ओढला,
मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले
फुलांच्या दुकानासारखी.
त्यांचा निरोप आलाच नाही.
गजरा मात्र दोन दिवस वास देत राहिला.

मग रंकाळा. पहाटे साडेपाच.
पहिल्या आठवड्यात अर्ध्या फेरीत बाकावर बसले
आणि पायातली चप्पल आपलीच आहे का बघितलं.
रोज एक पैलवान आजोबा भेटायचे,
कान मोडलेले, डोकं गुळगुळीत.
"पोरी, टाचा आपटू नको.
कुस्ती एका डावाची न्हाई तुझी."
मी काही सांगितलेलं नव्हतं त्यांना.

रविवारी मिसळ मागितली, पावाशिवाय, फरसाणाशिवाय.
पोऱ्यानं विचारलं, "उपास हाय काय ताई?"
कटाचा तिखट घोट घेतला, नाक वाहू लागलं,
बरं झालं, डोळ्यांना निमित्त मिळालं.
गंगावेशीतल्या रात्रीच्या दुधातली साखर
सुटायला पाळी यायला लागली त्याच्याहून जास्त वेळ लागला.
पाळी आली चौथ्या महिन्यात.
तारखेला नाही, पण आली,
गाव विसरलेल्या पाहुण्यासारखी, विचारत विचारत.

"केसावर भांडीऽऽ"
मार्गशीर्षात ती बाई आली होती तेव्हा
आईनं पिशवी रिकामी केली तिच्यापुढं.
तिनं मूठ हातात तोलली, एक केस ओढून बघितला,
"बारीक झाल्यात पोरीचे," म्हणाली,
आणि तरी एक वाटी दिली, मध्यम, काठाला पोचा असलेली.
त्या वाटीत मी मोड आलेली मटकी खाते,
माझ्याच डोक्यावरून उतरलेल्या वाटीत.

काल पुन्हा आली.
आईनं पिशवी झटकली, उलटी केली,
कोपऱ्यातनं बोटानं काढलं.
"एवढ्याशाला वाटी न्हाई बसत, मावशी.
चमचा घ्या."
आई हिरमुसली. घासाघीस केली बरीच.
मी आत ओट्याला टेकून उभी,
हसायचं कसं ते आठवत.

कपाळाच्या कडेला काही आखूड केस उभे राहिलेत,
तेल लावलं तरी बसत नाहीत.
कॅमेऱ्यातली पट्टी तिथंच आहे.
सोमवारी मी खुर्ची सरकवणार होते त्याच्या नजरेआड,
पण तिथं पंख्याचं वारं लागत नाही,
म्हणून राहू दिली.

चमचा छोटा आहे.
मटकी खायला वेळ लागतो.